सोमवारचं श्रमदान

आमच्या माळेवाडीच्या वीरभद्रप्पांना आवाज तीन. एक दुकानातला, एक घरातला आणि एक साहेबलोकांसमोरचा.

दुकानातला म्हणजे ज्वारीच्या पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखा. "न्हाई. उधार न्हाई. सरक म्होरं." घरातला म्हणजे नुसतं खाकरणं. रुद्रम्माक्का, म्हणजे त्यांची बायको, एकदा बोलायला लागली की अप्पांच्या वाट्याला तेवढंच उरायचं. पण तिसरा आवाज! तो ऐकायला माणसानं औरादच्या कचेरीपर्यंत दोन कोस पायी जावं. 'जी' हे अक्षर अप्पा असं लांबवायचे की त्यावर धोतर वाळत घालता यावं. "जीऽऽऽ हुजूर." आणि तेही समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. साहेब म्हणाले, "अच्छा तो..." की अप्पा, "जीऽऽऽ." साहेबांना शिंक आली, "जीऽऽऽ." साहेबांनी चपराशाला शिवी दिली, तरी मधल्यामधे अप्पाच "जीऽऽऽ".

हे काही आजचं नव्हे. बाप भुसार मालाचा व्यापारी, पोरगं उर्दू चौथीपर्यंत शिकलेलं, आणि शाळेत जे शिकलं त्यातलं हेच एक अक्षर पक्कं राहिलेलं. निजामाच्या अमलात जमादार आला की अप्पा उठून उभे. रझाकारांच्या धामधुमीत निम्मं गाव बार्शीकडं पळालं, तेव्हा अप्पाही पळाले. फरक एवढाच, की बाकीचे लपतछपत गेले आणि अप्पांनी नाक्यावरच्या पठाणाला जाऊन विचारलं, "जीऽऽऽ, जाऊ का?" खरं-खोटं बसवण्णा जाणे, पण गावात असंच सांगतात. पुढं हिंदुस्थानची फौज आली तेव्हा औरादच्या रस्त्यावर हार घेऊन सगळ्यात पुढं कोण? अप्पा. पहिली जी गाडी आली तिला त्यांनी डोळे मिटून हार घातला. ती फौजेची पाण्याची टाकी होती. डोळे उघडल्यावरही काढला नाही. म्हणाले, "सरकारचंच पानी हाय की."

असा माणूस लोकसेवेला लागला म्हटल्यावर काय होणार?

मंडळाचं नाव 'लोकसेवा तरुण मंडळ'. त्यातल्या सगळ्यात तरुण सभासदाला दोन नातवंडं होती. अध्यक्ष अर्थात वीरभद्रप्पा, कारण बैठकीची सतरंजी त्यांची. चिटणीस लिंगराज. हा पूर्वी पटवाऱ्याच्या हाताखाली होता. माणूस काडीसारखा, पण बोलणं छापील. साधा चहा मागायचा तरी, "सदरहू प्रसंगी चहापान होणे इष्ट आहे." फक्त घाबरला की छापखाना बंद पडायचा आणि खालून माळेवाडी निघायची.

मंडळाचं पहिलं काम म्हणजे पाणपोई. उन्हाळ्याचे दिवस, औरादच्या बाजाराला जाणारी माणसं आमच्या वेशीवरून जातात, त्यांना पाणी पाजायचं. चांगलं आहे की! वडाखाली रांजण मांडला. आता पाणी वाढायचं कोणी? लिंगायत म्हणाले, जंगमानं वाढावं. मराठे म्हणाले, मग आमच्यासाठी आमचा माणूस. कोमट्यांनी आपला रांजण घरूनच आणला. मौलासाब म्हणाला, "हमारा भी एक रख देव, झंझटच नक्को." असे करता करता वडाखाली रांजणांची रांग लागली आणि पाणी सगळ्यांत एकाच आडाचं. गावकुसाबाहेरच्यांसाठी रांजण ठेवायचा हे मात्र कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. उदगीरकडचा एक वाटसरू तहानेनं कासावीस होऊन आला. ओंजळ पुढं केली तर पाणी वाढणाऱ्यानं विचारलं, "तू कंच्यापैकी?" तो म्हणाला, "दादा, म्या तान्हेल्यापैकी." त्याला चौघांनी चार रांजण दाखवले आणि तो बिचारा ओढ्यावर जाऊन पाणी प्याला. संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत लिंगराजानं ठराव वाचला, "पाणपोईचा उपक्रम अत्यंत यशस्वी झाला." टाळ्या.

मग औषधाची पेटी आली. कुलूप लावलेली. गावात हिवताप भरात असताना किल्ली लिंगराजाच्या करगोट्याला आणि लिंगराज सासुरवाडीला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर कारण एकच आणि ते जनवाड्याला राहत होतं. रुद्रम्माक्काचा भाऊ, म्हणजे अप्पांचा मेव्हणा, गुरुशांतप्पा. तो तिकडच्या विकासाच्या कमिटीवर मेंबर झाला होता. गेल्या मार्गशीर्षात औरादला एका लग्नात अप्पा आधी जाऊन चांगले लोडाला टेकून बसले होते. तेवढ्यात गुरुशांतप्पा आला. यजमान धावला, "मेंबरसाब आलेत, अप्पा जरा सरका की." अप्पा सरकले. मेंबरसाबांबरोबर आणखी दोघं होती. "अप्पा, आनि थोडं." सरकत सरकत अप्पा मांडवाच्या पार कडेला, जिथं वऱ्हाडानं चपला काढल्या होत्या तिथं पोचले. जेवणाची पंगत उठेपर्यंत तिथंच. वर चपला सांभाळायला बसवलाय समजून एका म्हाताऱ्यानं जाताना त्यांच्याकडं आपला जोड मागितला.

त्या दिवसापासून घरात रुद्रम्माक्काचं एकच चालू. "माझा भाऊ खुर्चीवर बसतो. माझ्या कुकवाच्या धन्याला चपला राखायला बसिवलं." अप्पांचं खाकरणं. पण मनात त्यांनी धरलं ते धरलं. आपणही कमिटीवर जायचं. बस्स. पाणी, औषध, सगळं त्यासाठी.

आणि चालून संधी आली. औरादच्या डाकबंगल्यात विकासाचे नवे साहेब मुक्कामाला आले. लांबचे कुठले तरी, चष्मा लावणारे, हिंदुस्थानीत बोलणारे, वयानं अप्पांच्या पोरासारखे. अप्पा लिंगराजाला घेऊन भेटीला गेले. आम्ही चार-दोन टगे खिडकीखाली होतोच.

साहेब म्हणाले, "सुना है आप लोग श्रमदान..."

"जीऽऽऽ हुजूर!"

"गाँव से पक्की सड़क तक रास्ता बना रहे हैं?"

"जीऽऽऽ." रस्ता म्हणजे काय, गावापासून मोटार थांबते तिथपर्यंतची अर्ध्या कोसाची गाडीवाट. पावसाळ्यात तीत माणूस मांडीपर्यंत रुततो. त्या वाटेवर तोवर मंडळानं फक्त एक पाटी लावली होती.

"मुरूम ढोने के लिए कितनी गाड़ियाँ लगी हैं?"

"जीऽऽऽ, बीस."

लिंगराजानं अप्पांकडं असं पाहिलं, जसा बोकड कसायाकडं बघतो.

साहेब खूश. म्हणाले, "तालुके की कमिटी पर इधर का एक आदमी लेना है मुझे. काम देखकर तय करूँगा. सोमवार को..."

"जीऽऽऽ हुजूर!"

"सोमवार को आऊँ तो कोई तकलीफ तो नहीं?"

"न्हाई हुजूर, न्हाई न्हाई!" साहेबलोकांपुढं जन्मात पहिल्यांदा अप्पा 'न्हाई' म्हणाले, ते नेमकं इथं.

घरी पोचेपर्यंत अप्पा हवेत होते. रुद्रम्माक्का जातं झाडत होती. अप्पांनी सांगितलं, साहेब येणार, वीस गाड्या बघणार, कमिटीवर नाव घालणार. तिनं विचारलं, "कवा?"

"सोमवारी."

तिनं झाडायचा कुंचा खाली ठेवला. "सोमवारी? आन् गाड्या वडनार कोन? जनवाड्याचा माझा भाऊ?"

अप्पा बोटांवर वार मोजायला लागले.

सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. आमच्या भागात त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पेरणीचा वाफसा निघून गेला तरी नाही, लग्नाचं वऱ्हाड अडलं तरी नाही. सकाळी बैल ओढ्यावर न्यायचे, धुवायचे, कपाळाला विभूती लावायची आणि दिवसभर मोकळे सोडायचे. शेंबडं पोरही हे जाणतं. वीरभद्रप्पांच्या गळ्यात लिंग, कपाळावर तीन पट्टे, दारात दगडी नंदी; आणि हा माणूस साहेबासमोर सोमवारच्या वीस गाड्या कबूल करून आला होता. का? तर साहेबाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही म्हणून.

"मग जावा की माघारी, सांगा साहेबाला. मंगळवारी ये म्हनावं," रुद्रम्माक्का म्हणाली.

अप्पांनी खाकरलं. मग लिंगराजाला बोलावून फर्मावलं, "तू जा. तूच नीट बोलतूस."

"मला कामून पाठवायलाव अप्पा? माझे लेकरंबाळं हायेत," लिंगराज म्हणाला. छापखाना पार बंद.

तरी गेला. दुपारभर डाकबंगल्यासमोर लिंबाखाली उभा राहिला. साहेब बाहेर आले, त्यांनी विचारलं, "कहिए, सोमवार का पक्का है ना?" लिंगराजानं म्हणे तोंड उघडलं, आणि आत जे तयार होतं ते न निघता दुसरंच निघालं, "सदरहू कार्यक्रम निश्चित आहे." आणि परत आला. संगतीचा गुण, दुसरं काय.

मग मंडळाची तातडीची बैठक. सतरंजीवर सगळे तरुण गुडघे धरून बसले. कल्लप्पा मंडळाचा सभासद नव्हता, पण बसला होता उंबऱ्यावर, तंबाखू मळत. गावातली सगळ्यात देखणी बैलजोडी त्याची. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं.

"बगू नका माझ्याकडं," कल्लप्पा म्हणाला. "माझी बैलं माझ्या बापाच्या मयतीला जुंपली न्हाईत सोमवारी. बाप खांद्यावर गेला."

"रेडं चालतील," कुणीतरी म्हणालं. "रेडा काय बसवण्णाचा न्हाई."

"रेडा यमाचा हाय. साहेबाला यमाच्या गाडीनं दावायलाव का रस्ता?"

"मग गाढवं. परटाकडं हायेत."

अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेजारच्या खुर्चीत साहेब आणि समोरून ओळीनं गाढवं! नको. मग लिंगराजाला एकदम उजेड पडला. "मुसलमान बंधूंच्या बैलांना सदरहू नियम लागू नसावा."

मौलासाब दारातच होता. तो असा उसळला! "कौन बोल्या? बैल बोले तो बैल है. सोमवार को मेरा बैल भी बसवण्णा का. मेरे दादा ने नहीं जोता, मैं जोतूँ? अल्ला भी मारता और बसवण्णा भी मारता."

कल्लप्पा ख्यॅ ख्यॅ करून हसला आणि मौलासाबाला तंबाखू दिली.

शेवटी ठरलं, मठातल्या स्वामींकडं जायचं. त्यांनी परवानगी दिली म्हणजे पाप लागत नाही. स्वामी नव्वदीचे, तोंडात एक दात, पण जीभ शाबूत. अप्पा साष्टांग पडले. लिंगराजानं अर्ज वाचल्यासारखं सगळं सांगितलं. देशाचं कार्य, नवं राज्य, श्रमदान, एक दिवसाची सूट.

स्वामींनी कानडी हेलात अप्पांना हाक मारली, "एनप्पा वीरभद्रा, श्रमदान कुनी करायचं असतंय? मानसानं का बैलानं?"

"मानसानं, स्वामी."

"मग? बैलाला सुट्टी हाय. भक्ताला कुठं हाय? हू, तूच जुंप की सोताला." आणि एका दातानं हसले.

हा विनोद होता. मठातली मांजरसुद्धा समजली असती. पण अप्पांना वरून काही आलं की तो हुकूमच. पटकन उठले, हात जोडले, "जीऽऽऽ स्वामी." आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "स्वामींची आज्ञा झाली. गाड्या आपून वडायच्या."

'आपून' म्हटल्याबरोबर निम्म्या तरुणांचे गुडघे दुखायला लागले. एकाची पाठ भरली. एकाला जावयाकडून सांगावा आला. वीस गाड्यांच्या दहा झाल्या, दहाच्या पाच, आणि सोमवारी सकाळी वेशीवर खरोखर उभ्या होत्या त्या तीन. कल्लप्पानं बैल दिले नाहीत, पण गाडी आनंदानं दिली. म्हणाला, "गाडीला सोमवार नसतो. न्या. मला बगायचंच हाय."

आता गाडीभर मुरूम भरला तर दोन माणसांना ती हलणार का? नाही. तिथं पुन्हा लिंगराजाची अक्कल. खाली कडबा भरायचा, वर बोटभर मुरूम पसरायचा. लांबून गाडी भरलेली दिसते, वजन काही नाही. वैशाखाचा महिना, गावातली वैरण संपत आलेली, बैलं कागद दिसला तर कागद खायची. आणि मंडळानं अप्पांच्या वळचणीचा राखून ठेवलेला पिवळाधमक कडबा गाड्यांत भरला. वर मुरूम. रुद्रम्माक्का दारातून बघत होती. म्हणाली, "म्हशीला न्हाई, पर कमिटीला हाय." अप्पांनी खाकरलं.

पहिल्या गाडीला अप्पा आणि लिंगराज. अप्पा बुटके आणि ढेरपोटे, लिंगराज उंच आणि काडी. जू असं तिरपं झालं की शिवळ, म्हणजे जुवाची खुंटी, लिंगराजाच्या बरगडीत आणि अप्पांच्या कानाशी. अप्पांनी डोक्याला कडक टोपी, गळ्यात स्वतःच विकत आणलेला झेंडूचा हार. "हाऽऽ, चला!" ओढली. अप्पांचा जोर जास्त, त्यामुळं गाडी सरळ जायच्याऐवजी लिंगराजाकडं वळली आणि वळतच राहिली. वेशीच्या मारुतीला एक प्रदक्षिणा पुरी झाली. पोरांनी "बोला बजरंगबली" केलं. मागच्या दोन गाड्यांना जुंपलेले तरुण हसायला लागले, तसे अप्पा गुरकावले, "दात काय काढायलाव? देशाचं काम हाय हे."

कशाबशा तीन गाड्या वाटेला लागल्या. ऊन चढलं होतं. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून नाकावर आली, आणि लिंगराज दर दहा पावलांवर म्हणत होता, "अल्पविश्रांती घेणे इष्ट... अप्पा, थांबा की वो, मराय लागलो."

इकडं ओढ्यावर कल्लप्पा आणि बाकीचे शेतकरी बैल धूत होते. सोमवार ना! बैल धुऊन काढले, कपाळाला पट्टे ओढले, काहींच्या पाठीवर झुली टाकल्या आणि सोडून दिले. वाट ओढ्याच्या काठानंच जाते. तीन गाड्या समोरून गेल्या आणि वाऱ्याबरोबर कडब्याचा वास आला.

सगळ्यात आधी कल्लप्पाच्या पांढऱ्या बैलानं मान वर केली. मग त्याच्या जोडीदारानं. मग एकेक करून सगळ्यांनी. आणि कुणी हाकलं नाही, कुणी बोलावलं नाही, बैल शिस्तीत, शिंगाला शिंग न लावता, गाड्यांच्या मागं चालायला लागले. पांढऱ्यानं पहिल्या गाडीच्या मागून कडब्याची एक पेंढी ओढली. मग दुसरी. रवंथ करत, मजेत, झूल हलवत.

"कल्लप्पा! तुझं बैल आवर!" अप्पा जू धरल्या जागेवरून ओरडले.

"आज मी त्याला सांगू शकत न्हाई अप्पा," कल्लप्पा पाण्यात उभा राहून म्हणाला. "आज त्याचा दिस हाय."

आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आली.

साहेबांनी काय बघितलं ते नीट डोळ्यांसमोर आणा. पुढं, गाडीला जुंपलेले, मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस, जिभा बाहेर. मागं, झुली घातलेले, धुतलेले, विभूती लावलेले बैल, पाहुण्यांसारखे सावकाश चालणारे आणि गाडीतून काढून काढून खाणारे. खालचा कडबा गेल्यामुळं वरचा मुरूम एकदम खचला आणि भस्सकन लाल धूळ उडाली. ती ओसरल्यावर गाडीत दोन टोपली मुरूम, दोन-चार पेंढ्या कडबा आणि एक बैलाचं तोंड होतं.

जीप थांबली. साहेब उतरले. त्यांचा कारकून, औरादचाच, तोंडाला रुमाल लावून उतरला.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"जीऽऽऽ हुजूर, श्रमदान."

"आप गाड़ी क्यों खींच रहे हैं? बैल पीछे क्यों हैं?"

अप्पांनी लिंगराजाकडं बोट केलं. लिंगराज म्हणाला, "सदरहू बैल..."

तेव्हा ओढ्यातून कल्लप्पानं हाक दिली, "साब, आज सोमवार! बैलां को छुट्टी. म्हनून अप्पाला जोत्या!"

सगळी माळेवाडी हसली. बाया डोक्यावरच्या घागरी सांभाळत हसल्या. मौलासाब तर वाटेतच बसला. साहेबांनाही हसू आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग जरा नवलानंच म्हणाले, "तो बोलना था ना. मैं मंगल को आ जाता. मुझे क्या फर्क पड़ता था? मैंने तो पूछा भी था."

अप्पांच्या हातातलं जू अजून सुटलं नव्हतं. झेंडूचा हार घामानं छातीला चिकटलेला. मागं बैलाच्या चघळण्याचा आवाज. कमिटी गेली, हे सगळ्या गावाला दिसत होतं. अप्पांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरला. त्या घटकेला, खरं सांगतो, दोन-चार जणांचं हसू थांबलंसुद्धा.

साहेबांनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कारकुनाला म्हणाले, "कमिटी में इन्हीं का नाम लिखो."

कारकुनाचा रुमाल खाली आला. "इन का, साब? इनकाच?"

साहेबांनी आवाज खाली आणला, पण सगळं गाव चिडीचूप असल्यावर खालचा आवाजही लांब जातो. "दूसरा कोई लूँगा तो हर बात पर बहस करेगा. इस आदमी को देखो. खुद जुत गया, मगर 'ना' नहीं बोला. मुझे कमिटी चलानी है, भाई." आणि जीपमध्ये बसून, रस्ता न बघता, निघून गेले.

हे सगळं सगळ्यांनी ऐकलं. अप्पांच्या कानात फक्त पहिलं वाक्य शिरलं. ते तसेच जू धरून उभे, आणि चेहऱ्यावर असा उजेड की लिंगाला नैवेद्य दाखवल्यावरही येत नाही. "इन्हीं का," ते लिंगराजाला म्हणाले. "ऐकलास? इन्हीं का म्हनले."

आता गाव पुन्हा हसेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आधी थोडी कुजबुज झाली. मग जावयाकडून सांगावा आलेला तरुण कुठून तरी प्रगटला आणि त्यानं अप्पांच्या हातातलं जू सोडवलं. पाठ भरलेल्याची पाठ मोकळी झाली. पाण्यातून कल्लप्पा बाहेर आला, ओल्या धोतरानंच. तो इतका वेळ हसत होता की त्याच्या डोळ्याला पाणी होतं. ते पुसून म्हणाला, "अप्पा, दमलाव. चालत कामून जाताव? बसा की गाडीत."

"न्हाई न्हाई."

"बसा वो. मेंबरसाब झालाव आता. आन् अप्पा, माझ्या हिरीच्या तगाई कर्जाचं तेवढं कमिटीत घालताव नव्हं? दोन साल झालं अर्ज पडलाय."

"माझ्या मेव्हन्याला शिपाई म्हनून..." दुसरा म्हणाला.

"हमारे मोहल्ले का आड..." मौलासाबसुद्धा.

अप्पांनी घसा साफ केला. यावेळी तो घरातला आवाज नव्हता, दुकानातलाही नव्हता. मान जराशी मागं, नजर कुणाच्या तरी डोक्यावरून पलीकडं, अगदी त्या चष्मेवाल्या साहेबासारखी. म्हणाले, "बगू."

आणि चढून बसले. राहिलेल्या कडब्यावर, ढेरी सावरून, हार नीट करून. कल्लप्पानं स्वतःच्या बैलाचं तोंड आपल्या हातानं बाजूला केलं आणि स्वतः जू धरलं. दुसऱ्या बाजूला लिंगराज होताच. मागून चार जणांनी रेटलं. ह्या खेपेला गाडी सरळ गेली. रस्ता तसाच राहिला. त्यावर मुरूम पडला तो दोन टोपली, तोही बैलांच्या पायांनी ओढ्यात गेला.

बैल आपले मागून, जेवढं तोंडाशी येईल तेवढं खात.

रुद्रम्माक्का दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. गाडी नंदीपाशी थांबली. अप्पा वरूनच म्हणाले, "अगं, झालो! नाव लिवलं साहेबानं!"

तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. जू धरून धापा टाकणाऱ्या कल्लप्पाकडं बघितलं, लिंगराजाकडं बघितलं, मागून रेटणाऱ्या चौघांकडं बघितलं. मग आत वळता वळता म्हणाली, "ह्यास्नी पानी दावा आदी. आन् सांगा, वैरन टाकू का पेंड भिजवू?"